परतीच्या वाटेवरचं पाणी

दसरा होऊन गेला की आठ-दहा दिवसांत एक दुपार अशी येते, की ऊन एकाएकी पिवळट होतं. पंखा फिरत असतो, पण वारा अंगाला लागत नाही. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी हलायच्या थांबतात. मग तावलीच्या डोंगरामागून काळं काहीतरी वर सरकायला लागतं, आणि खालच्या रिकाम्या प्लॉटमधल्या वाळक्या गवताचा वास चिखलोलीच्या या इमारतीत, सातव्या मजल्यापर्यंत, माझ्या स्वयंपाकघरात येतो. पावसाळा संपलेला असतो. छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात.

"आई, या दिवसांत तुम्ही अशा गप्प का होता?" सुनेने परवा विचारलं.

"उकाडा सहन होत नाही," मी म्हटलं.

ते खोटं नाही. पण त्या पिवळ्या उजेडात मला अजूनही आठ सायकली एकामागे एक उतारावरून जाताना दिसतात, आणि सगळ्यांत पुढे माझी आत्या.

शेवंताआत्या सरकारी नर्स होती. वीसेक वर्षं तिने बदलापूरपासून मुरबाडच्या पलीकडच्या पाड्यांपर्यंत सायकलवरून लशी पोचवल्या, बाळंतपणं केली, विंचू चावलेल्यांना रात्रीबेरात्री इंजेक्शनं दिली. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा ती नर्सिंग शिकत होती. "शीक, आणि पायावर उभी राहा," एवढंच ते तिला सांगत. ती पायांवर उभी राहिली आणि मग पॅडलवर. लग्नानंतर दोनच वर्षांत तिचे यजमान गेले आणि ती अंबरनाथला आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. घरात तिचा शब्द शेवटचा असे. मला सायकल तिनेच शिकवली, कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर, जिथे वालधुनी नदीचं पाणी कधी निळं, कधी विटकरी वाहायचं. "पाण्याकडे बघायचं नाही, समोर बघायचं," ती मागून ओरडायची.

पन्नाशी ओलांडल्यावर तिने नोकरी सोडली. पण रस्ता सुटेना. मग तिने बायकांच्या सायकल सहली सुरू केल्या. दरवर्षी दसऱ्यानंतर, चार दिवसांची. अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरापासून निघायचं, बदलापूर गावातून बारवीच्या रस्त्याला लागायचं, मुरबाडवरून नाणेघाटाच्या पायथ्याला पोचायचं, घाट पायी चढायचा आणि परत. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल बैलांच्या पाठीवरून याच बाजूने घाट चढून जुन्नरला जायचा. व्यापारी गेले, भिक्खू गेले. "आणि आता आपण जाऊ," आत्या म्हणायची, "आपल्या पाठीवर माल नाही एवढंच."

मी गेले ती तिची पाचवी सहल. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही आठ जणी होतो. उल्हासनगरहून पुष्पाभाभी आल्या होत्या, तीन नंबर कॅम्पात त्यांच्या नवऱ्याचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बदलापूर गावातल्या दातारबाई होत्या, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. शैला होती, चोवीस वर्षांची, ऑफिसात टायपिस्ट, जानेवारीत लग्न ठरलेलं. बाकी तिघी एकमेकींच्या मैत्रिणी, अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या. सगळ्या आत्याला सिस्टर म्हणायच्या.

पुष्पाभाभींनी घरी सांगितलं होतं की त्या तीर्थाला जातायत. "झूठ थोडी है," त्या म्हणाल्या, "मंदिरसे ही तो निकल रहे हैं."

निघायच्या आदल्या दिवशी आत्याने औषधांची पेटी भरली. कापूस, आयोडीन, पट्ट्या, पेपरमिंटच्या गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या. तासाभराने तिने ती सगळी रिकामी केली आणि पुन्हा भरली. संध्याकाळी तिसऱ्यांदा. आई माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. सहलीच्या काळजीने माणूस असं करतं, असं आम्हांला वाटलं.

सकाळी मंदिराच्या काळ्या दगडांवर दव होतं. आत्याने नियम सांगितले. दोन सायकलींत एका सायकलीचं अंतर. घंटी उगाच वाजवायची नाही. ती ज्या बाजूने जाईल त्याच बाजूने जायचं. "माझ्या चाकामागे चाक ठेवा. मी खड्डा चुकवला की तुम्हीही चुकवाल." हे तिने इतक्या सहजपणे सांगितलं, की सगळ्या जणी शाळेतल्या मुलींसारख्या माना डोलावून मोकळ्या झाल्या.

पहिला दिवस मला फार नितळ आठवतो. बदलापूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलेलं. बांधावर बगळे. काही शेतांत कापणी सुरू झालेली, पेंढ्या पसरलेल्या. बायका कंबर सरळ करून आमच्याकडे बघायच्या, तोंडावर पदर घेऊन हसायच्या आणि मग आत्याला ओळखून हाक मारायच्या, "ओ नर्सबाय!" प्रत्येक गावात कुणीतरी तिच्या हातावर जन्मलेलं. ताक यायचं, काकड्या यायच्या. एका ठिकाणी तर एका बापयाने धावत येऊन तिच्या सायकलच्या हँडलला झेंडूची माळ बांधली. मला त्या दिवशी तिचा इतका अभिमान वाटला, की चढावर दम लागलाय हेही कळलं नाही.

दुपारी पॅकिंगवाल्या मैत्रिणींपैकी एकीचं चाक पंक्चर झालं. आत्याने सायकल उलटी केली, टायर उतरवला, ट्यूब बाहेर काढली. आणि थांबली. ट्यूब हातात घेऊन ती तशीच उकिडवी बसून राहिली. आम्हांला वाटलं ती भोक शोधतेय. बराच वेळ गेला. तिची बोटं रबरावरून फिरत होती, पण डोळे ट्यूबकडे नव्हते.

"लाओ सिस्टर, ये मेरे घर का धंदा है," म्हणत पुष्पाभाभींनी ट्यूब घेतली. पाच मिनिटांत काम झालं. सगळ्या हसल्या, आत्याही हसली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. ऊन होतंच तेवढं.

दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या अलीकडे एका गावात आम्ही पाणी प्यायला थांबलो. विहिरीवर तिशीची एक बाई कपडे धूत होती. आत्याला बघताच ती उठली, ओले हात पुसून पाया पडली.

"कशी आहेस गं?" आत्या म्हणाली. "आणि धाकटा कुठाय? खोकला गेला का त्याचा?"

बाईचा चेहरा मला आजही दिसतो. ती रडली नाही. नुसती गोंधळली. तिने आमच्याकडे पाहिलं, मग पुन्हा आत्याकडे.

"बाय, तो गेला ना," ती हळू म्हणाली. "पाच वर्सं झाली. तुमच्याच मांडीवर गेला."

विहिरीच्या रहाटावरून पाणी ठिबकत होतं. आत्याने बाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मोठ्याचं विचारत होते मी. मोठा कसा आहे?"

"मोठी पोरगी हाय," बाई म्हणाली.

आत्या सायकलकडे वळली. सायकलवर बसल्यावर दातारबाई मला म्हणाल्या, "शेकडो घरं पाहिलीत त्यांनी. कुणाकुणाचं लक्षात ठेवणार?" मी हो म्हटलं. पण मला ते पटलं नाही. त्या मुलाचं आत्याने मला सांगितलं होतं. तो गेला त्या दिवशी ती घरी येऊन मोरीत बसून रडली होती, आणि मग चार दिवस जेवली नव्हती. हजार मुलं ती विसरली असती, पण हे मूल विसरण्यातलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी तिच्या मागे दुसऱ्या नंबरावर सायकल चालवायची सोडली आणि शेवटी राहू लागले. शेवटून सगळी रांग दिसायची. तिच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल पुढे वर-खाली व्हायचा, आणि त्याच्यामागे सहा बायका, त्याच रेषेत, खड्डा आला की तिच्याबरोबर वळणाऱ्या. पहिल्या दिवशी ते दृश्य सुंदर वाटलं होतं. आता मी प्रत्येक फाट्यावर श्वास धरून बघायचे, रुमाल कुठे वळतोय. शैला सगळ्यांत पुढे, आत्याच्या अगदी मागे असायची. तिला आत्या फार आवडली होती. लग्नाआधी बिनधास्तपणा शिकून घ्यायचाय म्हणायची.

नाणेघाटात वर दोन कड्यांच्या मधून वारा असा येतो, की उभं राहवत नाही. लेण्यात शिरल्यावर तो आवाज मागे पडतो. भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी, झिजलेल्या, तरी हात लावला की बोटाला कळणाऱ्या. बाहेर जकातीचा दगडी रांजण. ही जागा आत्याची. दरवर्षी इथे ती सगळ्यांना बसवून गोष्ट सांगायची, की पहाटे बंदरावरून निघालेला तांडा कितव्या दिवशी घाटाखाली पोचायचा, बैलांच्या गळ्यातल्या घंटा खालून कशा ऐकू यायच्या, पायऱ्या चढताना बैलांचे खूर घसरू नयेत म्हणून काय करायचे. गोष्ट निम्मी तिच्या मनातली होती हे आम्हांला ठाऊक होतं. घरी मी ती अनेकदा ऐकली होती.

"तांडा घाटाखाली आला," आत्या म्हणाली, "आणि..."

आम्ही वाट पाहिली.

"तांडा आला," ती पुन्हा म्हणाली. तिने भिंतीकडे पाहिलं, जणू पुढचं तिथे लिहिलेलं असावं. मग आपल्या तळव्यांकडे पाहिलं. कुणीतरी खोकलं. शेवटी दातारबाईंनी हलकेच धागा उचलला आणि पुढचं पुस्तकातलं सांगून टाकलं. आत्या इतर बायकांबरोबर बसून ती गोष्ट ऐकत राहिली, पहिल्यांदा ऐकावी तशी.

घाट उतरताना मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला. "मी काही म्हातारी झाले नाही," ती म्हणाली. ती चोपन्न वर्षांची होती. मी आज तिच्यापेक्षा मोठी आहे.

चौथ्या दिवशी परतताना तिने जाहीर केलं, की येताना आलो तो रस्ता घ्यायचा नाही. बारवी धरणाच्या मागच्या अंगाने जुनी सडक आहे, जवळची, तिथून जायचं. वाटेत एक गाव लागतं, तिथे चहा मिळेल. गावाचं नाव तिने सांगितलं. बायका खूश झाल्या, नवी वाट म्हणून.

"आत्या, नक्की ना?" मी विचारलं.

"याच वाटेने बारा वर्षं लशीचा डबा घेऊन गेलेय मी," ती म्हणाली.

दुपारचे तीन वाजले असतील. ऊन पिवळं झालं. झाडांची पानं हलायची थांबली. फाट्यावरून आत वळल्यावर डांबर संपलं आणि खडीची जुनी सडक लागली, मधोमध गवत उगवलेली. गुरांच्या खुणा होत्या, चाकांच्या एकाही नव्हत्या. हे मी पाहिलं. पाहून काही बोलले नाही. त्याबद्दल मी स्वतःला पुष्कळ वर्षं विचारत आलेय. भीती वाटत होती, पण ती नीट शब्दांत उतरत नव्हती. आणि शब्दांत उतरली असती तरी सहा बायकांसमोर आत्याला काय म्हणणार होते मी?

मागे ढग गडगडला. मग पुन्हा. आत्याने मान वळवून हाक दिली, "चला, चला, गाव आलंच, पावसाच्या आत पोचू." आणि ती जोरात पॅडल मारायला लागली. सडक उताराला लागली. दोन्ही बाजूंच्या चढणीवर गवत कापणाऱ्या बायका होत्या, भारे बांधून वर निघालेल्या. त्यांतली एक उभी राहून हात हलवायला लागली. काहीतरी ओरडत होती. आम्हांला वाटलं, नेहमीसारखी ओळख देतेय.

वळण संपलं आणि समोर पाणी होतं.

रस्ता त्यात शिरला होता. दुसरं काही सांगण्यासारखं नाही, तो सरळ खाली जाऊन त्या काळपट, न हलणाऱ्या पाण्यात नाहीसा होत होता. पाण्यातून लांबवर एका वठलेल्या झाडाचे शेंडे वर आलेले. पावसाळा नुकताच सरलेला, धरण काठोकाठ होतं. माझी बोटं ब्रेकवर आवळली गेली. पुष्पाभाभी घसरून पडल्या, त्यांच्या मागच्या दोघी एकमेकींवर आदळल्या. दातारबाईंनी सायकल गवतात घातली. आत्या थांबली नाही. तिने ब्रेक लावलाच नाही. ती पाण्यात गेली, चाकं निम्मी बुडेपर्यंत, आणि तिच्यामागे, चाकामागे चाक ठेवून, शैला.

आत्याची सायकल खडीत रुतून उभी राहिली. शैला तिला चुकवायला डावीकडे वळली. तिथे ओढ्यावरची जुनी मोरी होती, पाण्याखाली, कठडे नसलेली. शैला सायकलसकट तिच्यावरून पलीकडे गेली. पाणी फारसं उडालंसुद्धा नाही. ती होती, आणि मग नव्हती.

मला पोहता येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं. मी कमरेएवढ्या पाण्यात धावले, पायाखाली दगड आहे की नाही ते चाचपत. माझ्या मागून कुणीतरी धप धप पाणी तुडवत आलं, मला बाजूला सारलं आणि पुढे झेप घेतली. ती हात हलवणारी बाई होती, कमरेला विळा तसाच. तिने बुडी मारली. वर आली, पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला शैलाची वेणी तिच्या मुठीत होती.

आम्ही शैलाला ओढून काठावर आणलं. ओठ निळे झालेले, छाती हलत नव्हती. पुष्पाभाभी आपला मोडलेलं मनगट धरून सिंधीत काहीतरी पुटपुटत होत्या. तेवढ्यात आत्या पाण्यातून आली, ओलं लुगडं खोचून गुडघ्यांवर बसली, शैलाच्या तोंडातला चिखल बोटाने काढला, मान मागे केली आणि तोंडाला तोंड लावून श्वास द्यायला लागली. तिच्या हातांना एक क्षणही विचार करावा लागला नाही. त्या हातांना सगळं येत होतं. मोठे थेंब पडायला लागले होते. किती वेळ गेला कोण जाणे. शैला आचके देऊन ओकली, आणि रडली.

तेव्हा कुठे आत्याने मान वर करून पाण्याकडे पाहिलं.

"गाव कुठे गेलं?" ती म्हणाली.

बाईने केस पिळत तिच्याकडे पाहिलं. तिचं नाव हिराबाय, वरच्या पाड्यातली ठाकरीण. "नर्सबाय, असं काय बोलता?" ती म्हणाली. "गाव कवाच गेला पाण्यात. तुम्हीच तं आलेल्या त्या टायमाला. पोरांना सुया टोचल्या. माझ्या सासूला हाताला धरून तुम्हीच वर आणलीत ना."

आत्याने पदर पिळला. मग म्हणाली, "हो. हो, आठवलं."

तिला आठवलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले होते, मला ते दिसलं.

पाऊस संपेपर्यंत आम्ही हिराबायच्या घरी बसलो. चुलीपुढे शैला गोधडीत गुंडाळलेली, सगळ्या तिच्याभोवती. कुणी आत्याला दोष दिला नाही. ढगांमुळे अंधारलं होतं, रस्ता जुना होता, आणि शेवटी जीव तिनेच वाचवला. दातारबाई तर म्हणाल्या, "सिस्टर होत्या म्हणून." हिराबाय काळा चहा ओतत होती. दोनदा तिने माझ्याकडे पाहिलं.

आत्याने मला खुणेने बाहेर बोलावलं. घराच्या मागच्या बाजूला पागोळ्या गळत होत्या.

"रत्ना, तुला कळलंय," ती म्हणाली.

"काय?"

"असं करू नकोस. तुला कळलंय, मला माहीत आहे. तू दोन दिवस शेवटून चालवतेयस." तिने पदराने तोंड पुसलं. "गणपतीपासून होतंय. आधी गॅस पेटता राहिला. मग एकदा स्टेशनावरून घरी यायची वाट सापडेना, अर्धा तास उभी होते. मी असे पेशंट पाहिलेत, पोरी. पुढे काय होतं तेही पाहिलंय."

"डॉक्टरांना दाखवू ना."

"दाखवू. पण आत्ता नाही. दिवाळीनंतर दातारबाईंच्या शाळेची सहल न्यायची आहे. अठ्ठावीस मुली. त्यांतल्या निम्म्यांनी बदलापूरची वेस ओलांडलेली नाही. मी शब्द दिलाय. तेवढी एक नेऊ दे मला. मग मीच सांगेन सगळ्यांना, सायकलही देऊन टाकेन कुणाला तरी. तोवर घरात बोलू नकोस."

मी तिच्याकडे पाहिलं. ओल्या केसांत ती एकदम लहान दिसत होती. ज्या बाईने कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, ती माझ्याकडे मागत होती.

"नाही बोलणार," मी म्हटलं.

घरी परतल्यावर दिवाळीचे दिवस आले. आईने चकल्या केल्या, गल्लीत फटाके वाजले. त्या दिवाळीतला उजेड मला आठवत नाही, फक्त फटाक्यांच्या दारूचा धूर आठवतो. रोज दुपारी, घर झोपलं की, आत्या आणि मी पाठ करायला बसायचो. मी तिच्यासाठी कागदावर रस्ता काढला होता.

"धरणानंतर?" मी विचारायचे.

"डावा हात. मग पिंपळ. मग शाळा."

"शाळेनंतर?"

"नदीचा पूल."

काही दिवस तिला सगळं यायचं, अगदी घाटापर्यंत, न अडखळता. तेव्हा मला वाटायचं, जमेल. मी बरोबर असेनच. शेवटून चालवेन, की पुढून? मुली तिच्या मागे जातील, की माझ्या? झोपेत मला रांग दिसायची, अठ्ठावीस मुलींची, निळे स्कर्ट, लाल रिबिनी, प्रत्येक चाक पुढच्या चाकामागे, आणि सगळ्यांत पुढे पांढरा रुमाल. मी ओरडायचे, पण मुली हात हलवून ओळख द्यायच्या आणि पुढे जायच्या.

शाळेकडून मुलींच्या नावांची यादी आली. आत्याने ती भिंतीवर लावली. त्या दुपारी मी विचारलं, "धरणानंतर?"

ती कौतुकाने माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुठलं धरण गं?"

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. बदलापूर गावात जाऊन शाळेबाहेर उभी राहिले. मधली सुट्टी झाली तेव्हा दातारबाईंना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. पंक्चर, विहिरीवरची बाई, गणपतीपासूनचं, शब्द दिल्याचंही. त्यांनी मध्येच माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

संध्याकाळी दातारबाई स्वतः आल्या. फार सांभाळून बोलल्या, की शाळेने यंदा सहल रद्द केली, पालक तयार नाहीत. आत्या ऐकत होती. तिने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

त्या गेल्यावर ती उठली, भिंतीवरची यादी काढली, चार घड्या केल्या.

"बावीस दिवस टिकला तुझा शब्द," ती म्हणाली.

वार विसरणाऱ्या आत्याने ते दिवस बरोबर मोजले होते.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. एका घरात राहून, एका ताटातली भाकरी मोडून. मी चहा दिला तर प्यायची, पण कप परत माझ्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची. बाबांनी तिची सायकल कुलूप लावून जिन्याखाली ठेवली. ती तिथे जाऊन कुलूप ओढून बघायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एकदा ती भर दुपारी घरातून निघून गेली. तासन्‌तास शोधल्यावर बारवीच्या रस्त्याला सापडली, पायांत चपला नसलेली, कुणालातरी मागे येऊ देत थांबत थांबत चालणारी, आणि मागे कुणी नव्हतं. मी तिला घेऊन आले. वाटभर ती माझ्या शेजारून चालली, एक शब्द न बोलता. बाकी सगळं विसरत चाललेली बाई माझ्यावरचा राग मात्र सांभाळून होती. मी थांबले होते. कधीतरी तो जाईल, कधीतरी ती म्हणेल, की रत्ना, बरोबर केलंस. निदान, रत्ना, झालं ते झालं. एवढ्यासाठी मी तीन वर्षं थांबले.

त्या अठ्ठावीस मुली आज संसारात बुडालेल्या बाया असतील. बदलापूरच्या बाजारात त्यांतली एखादी मला धक्का मारून पुढे जातही असेल, पिशवीत मेथीची जुडी घेऊन. तिला आठवतही नसेल, की लहानपणी एक सहल ठरली होती आणि रद्द झाली. कदाचित हळहळली असेल त्या वेळी. काहीच झालं नाही, असं आयुष्य तिला मिळालं. आणि खरंच काही झालं असतं का, हे मला कधीच कळणार नाही. रस्त्यात कदाचित आत्याला सगळं आठवलं असतं. तिचा तो शेवटचा, सगळ्यांत मोठा तांडा घाटाखाली सुखरूप पोचला असता. हेही होऊ शकलं असतं.

माझं लग्न झालं, मुलगा झाला. नव्वदीचं दशक लागून थोडी वर्षं झाली होती. असेच दसऱ्यानंतरचे दिवस होते, मी अंबरनाथला माहेरी आले होते. आत्या खिडकीशी बसून भिजवलेले वाल सोलत होती. मी दारात दिसताच तिने मान वर केली आणि हसली.

"या ना," ती म्हणाली. "उन्हातून आलात. बसा. कुठून आलात तुम्ही?"

मी बसले. तिच्या चेहऱ्यावर कसलाच राग नव्हता. राग गेला होता, त्याच्याबरोबर मीही गेले होते. तिने मूठभर वाल माझ्यापुढे ठेवले आणि आम्ही दोघी सोलायला लागलो. तिची बोटं माझ्याहून भरभर चालत होती.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "एक गोष्ट सांगू का तुम्हांला? एक मुलगी होती. तिच्या आत्याने तिला एक गुपित सांगितलं. कुणाला सांगू नकोस म्हणाली. मुलीने शब्द दिला, आणि मोडला."

"का मोडला?"

"आत्याच्या मागून पुष्कळ मुली जाणार होत्या. वाट आत्याच्या लक्षात राहत नव्हती. मुलीला भीती वाटली."

आत्याचे हात थांबले. ती मन लावून ऐकत होती, पूर्वी पेशंटचं ऐकायची तशी, मान जराशी कलती करून.

"मग त्या पोरींचं काय झालं?"

"त्या घरीच राहिल्या. सुखरूप आहेत."

"आणि आत्या?"

"तीही घरी राहिली. पण त्या मुलीशी कधी बोलली नाही."

आत्याने त्यावर विचार केला. बाहेरचं ऊन पिवळं पडलं होतं, तिच्या पांढऱ्या केसांवर, ताटलीतल्या हिरवट वालांवर.

"मीही नसते बोलले," ती म्हणाली, आणि सोललेले वाल माझ्याकडे सरकवून तिने पुढची मूठ घेतली.